काळे राळे : तिसऱ्या आठवड्याची नोंद

मंडळी, ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ आता सलग सात वेळा जमतं. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या फेरीलाच जीभ अडखळायची.

नेमकी कुठं, हे शोधण्यात खरा वेळ गेला. मला वाटायचं ‘राळ्यात’ला. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी फिरताना मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. रविवारी तेच अर्ध्या वेगानं ऐकलं, तर चूक ‘मिसळले’मध्ये निघाली. तिथं बोलताना ळ आणि ल यांच्यामध्ये स्वरच उरत नाही. ळ म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागतं, आणि तिथून सुटतं न सुटतं तोच ल साठी त्याला दातांमागं यावं लागतं. कधी ‘मिसल्ले’, कधी ‘मिसळ्ळे’ यायचं. दोनदा तर धड ल नाही, धड ळ नाही, असा मधलाच आवाज. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या प्रयोगातही असंच दिसलं होतं: ‘टॉप कॉप’ भरभर म्हणताना ट आणि क जवळजवळ एकदमच बाहेर पडत. ते वाचलं होतं, पण स्वतःच्या आवाजात ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

पुढचं काम आत्यानं सोपं केलं. ती राळ्याचा भात करते. मी राळे कधी पाहिलेच नव्हते. तिनं तळहातावर पिवळे बारीक दाणे ठेवले आणि म्हणाली, “दम कुठं घ्यायलास बघ की. गोरे राळे झालं की थांब.” तिथं क्षणभर थांबायला लागल्यापासून ‘मिसळले’ला पुरेसा श्वास उरतो.

‘चटईला टाचणी टोचली’ मात्र अजून चौथ्या फेरीत फसतं. यातला च ‘चमचा’तला, दातांजवळचा, ‘चहा’तला नव्हे. ‘चटई’त आधी च मग ट, आणि ‘टाचणी’, ‘टोचली’ दोन्हींत आधी ट मग च. क्रम उलटला की जिभेला सवयीचीच वाट धरावीशी वाटते, म्हणून ‘टोचली’नंतर माझ्या तोंडून हमखास ‘टचईला’ येतं. सध्या फक्त ‘टोचली चटईला, टोचली चटईला’ एवढाच तुकडा घोळवतोय, हळू, रोज वीस वेळा. वेग शनिवारनंतर वाढवेन.