इंजिनाची जन्मतारीख

डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या आमच्या उपनगरात जानेवारी महिन्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण समोरच्या घराच्या गॅरेजमध्ये मात्र रात्री दहापर्यंत दिवा जळत असतो. तेथे राहणारे गृहस्थ टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि गेली तीन वर्षे ते १९६९ सालची शेव्हरोले कमॅरो झेड/२८ सुटी करून पुन्हा जोडत आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी येथील वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या मोटारींची प्रचंड मिरवणूक निघते. तीत ही गाडी स्वतः चालवत न्यायची, एवढीच त्यांची इच्छा आहे. मी कोल्हापूरचा असून शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरीची पहिली चार वर्षे काढली आहेत, हे कळल्यावर त्यांनी मला गॅरेजमध्ये नेले, स्टँडवर उलटा टांगलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, दाखवला आणि विचारले, ‘हे इंजिन याच गाडीचे आहे का, ते तुम्हाला सांगता येईल का?’

प्रश्न साधा वाटला तरी या छंदातला सगळा पैसा आणि सगळी फसवणूक त्याच्याभोवती फिरते. साठच्या दशकातील अमेरिकन ‘मसल कार’ म्हणजे बेताच्या आकाराच्या गाडीत बसवलेले दांडगे आठ सिलिंडरचे इंजिन. ते मूळचे असेल तर गाडीला मान, नसेल तर तीच गाडी बरीच स्वस्त. झेड/२८ची गोष्ट आणखी नाजूक आहे. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतील मोटार शर्यतींत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून शेव्हरोलेने चार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तीन इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) एकत्र करून ३०२ घनइंचांचे, म्हणजे साधारण पाच लिटरचे, खास इंजिन सिद्ध केले. गंमत अशी की ज्या ओतीव ब्लॉकवर ३९७००१० हा क्रमांक असतो, तोच ब्लॉक ३५० घनइंचांच्या सर्वसामान्य इंजिनालाही वापरला गेला आणि पुढे दहा वर्षे तो साध्या गाड्यांतून आणि ट्रकांतून लाखोंनी बाहेर पडला. त्यामुळे ‘क्रमांक बरोबर आहे’ असे विकणारा सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण त्यातून सिद्ध असे काहीच होत नाही.

ब्लॉकवर दोन जातींचे आकडे असतात, हे फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पहिली जात उठावाच्या आकड्यांची. ते ओतकामातच येतात, कारण पॅटर्नवर, म्हणजे वाळूचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्यावर, बसवलेल्या छोट्या पट्टीची छाप वाळूत उमटते आणि तीच पुढे लोखंडात उतरते. तारखेची पट्टी रोज बदलावी लागते, म्हणून ती स्क्रूने लावलेली असते. नीट पाहिले तर त्या स्क्रूंची डोकीही धातूत उमटलेली दिसतात. शिरोलीतही आम्ही हेच करत होतो. शिरोलीपासून हजारो मैलांवरच्या सॅगिनॉ येथील फाउंड्रीत पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी पाना हातात घेऊन सकाळी पट्टी बदलली असेल, या कल्पनेने मला त्या ब्लॉकविषयी उगाचच आपुलकी वाटू लागली. ही तारीख ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवर (कडेवर), गिअरबॉक्स जेथे जोडला जातो तेथे, असते. महिन्यासाठी इंग्रजी अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा फक्त एक आकडा. आमच्या ब्लॉकवर ‘एच २७ ९’ असे होते. ‘एच’ हे आठवे अक्षर, म्हणून २७ ऑगस्ट. पण ९ म्हणजे १९६९ की १९७९? याच क्रमांकाचे ब्लॉक दोन्ही वर्षी ओतले गेले असल्याने केवळ या तारखेवर विसंबणारा माणूस फसतो.

म्हणून दुसऱ्या जातीच्या, म्हणजे पंच मारून उमटवलेल्या, आकड्यांकडे वळावे लागते. उजव्या बाजूच्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या ओतीव झाकणाच्या, अगदी पुढे ब्लॉकवर एक लहान सपाट जागा असते, तिला येथे पॅड म्हणतात. त्यावर फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात ‘व्ही०९०९डीझेड’ असा ठसा मारलेला होता. ‘व्ही’ म्हणजे फ्लिंट, पुढचे चार आकडे म्हणजे ९ सप्टेंबर, आणि ‘डीझेड’ ही १९६९च्या झेड/२८च्या इंजिनाची खूण. त्याशिवाय १९६८पासून कमॅरोच्या इंजिनावर गाडीच्या चासी क्रमांकाचा शेवटचा भागही उमटवला जाऊ लागला. तो काही इंजिनांवर पॅडवरच, तर काहींवर ऑइल फिल्टरजवळ सापडतो. हा ठसा ओहायोतल्या नॉर्वूड येथे, गाडीत इंजिन चढवताना, मारलेला असतो. दोन गावे, दोन माणसे, दोन वेगळे पंच. त्यामुळे दोन्ही ओळींची खोली आणि अक्षरांचे वळण थोडे वेगळे असायलाच हवे. दोन्ही ओळी एका हाताने काढल्यासारख्या जुळल्या, तर तेथेच शंका घ्यावी.

बनावट करणारा काय करतो, तर साधा ३५०चा ब्लॉक घेतो, पॅड घासून जुनी अक्षरे घालवतो आणि नवे पंच मारतो. पण कारखान्यात तो पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, कापलेला असतो आणि त्याच्या बारीक समांतर रेघा पॅडवर राहतात. ठसा नंतर मारलेला असल्याने त्या रेघा अक्षराच्या कडेपर्यंत येऊन तुटतात. घासलेल्या पॅडवर या रेघा गायब असतात किंवा त्यांच्या जागी सँडपेपरचे ओरखडे दिसतात. शेजाऱ्यांच्या पॅडवर नारिंगी रंगाचे तीन थर होते. ते त्यांनी तारेचा ब्रश मुळीच न लावता, रंग काढण्याच्या द्रवाने आणि जुन्या टूथब्रशने दोन संध्याकाळी बसून उतरवले. मी बाजूला भिंग धरून उभा होतो. रेघा दिसल्या तेव्हा त्यांनी काही न बोलता चहाऐवजी बिअरचा कॅन माझ्या हातात दिला.

तरीही मी स्ट्रोक ठरवणारा क्रँकशाफ्ट मोजायला सांगितले, कारण अक्षरांपेक्षा मापावर माझा विश्वास जास्त. ३५०चा स्ट्रोक ३.४८ इंच, ३०२चा नेमका तीन इंच. एवढ्या फरकासाठी खास उपकरण लागत नाही. माप तीन इंच आले.

गाडीच्या बाजूने पाहिले तर पूर्ण चासी क्रमांकावरून ती आठ सिलिंडरची कमॅरो आहे एवढेच कळते, झेड/२८ असल्याचे त्यात कोठेही नसते. तो धागा इंजिनामागच्या पत्र्यावरील पट्टीवर सापडला: तेथे ‘०९सी’ म्हणजे सप्टेंबरचा तिसरा आठवडा, आणि ‘एक्स७७’, जे नॉर्वूडच्या पट्टीवर साध्या सजावटीच्या झेड/२८साठी येते. सप्टेंबरमध्ये सहसा पुढच्या वर्षाचे मॉडेल सुरू होते, मग तेव्हा बांधलेली गाडी १९६९ची कशी, असा प्रश्न मला पडला होता. पण नवे मॉडेल लांबल्यामुळे १९६९चे उत्पादन त्या वर्षी शरद ऋतूतही चालू राहिले होते. ऑगस्टअखेर ओतकाम, सप्टेंबरच्या ९ तारखेला इंजिनाची जुळणी आणि त्यानंतरच्या आठवड्यात गाडीचा सांगाडा: क्रम चोख बसला आणि १९७९ची शंका तेथे संपली.

डिस्ट्रिब्यूटरच्या पट्टीवर १११११४८० नव्हे तर ११११४८० हा अपेक्षित क्रमांक निघाला (पहिल्यांदा मीच एक आकडा जास्त वाचला होता आणि आम्ही अर्धा तास हिरमुसलो होतो). कार्बोरेटर मात्र नंतरचा होता. होली कंपनीचाच, पण त्यावर हवा असलेला ४०५३ हा यादी क्रमांक नव्हता.

खरा घोळ हेडमध्ये होता. दोन्ही हेडवर ३९२७१८६ हा योग्य क्रमांक, दोन्हींच्या टोकाला उंटाच्या पाठीसारखी दोन उंचवट्यांची ओळखीची खूण, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याचे समाधान व्हावे. व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर आत ओतलेली तारीख दिसते. डाव्या हेडवर ऑगस्ट १९६९ची तारीख होती, उजव्यावर ‘सी १८ ०’, म्हणजे १८ मार्च १९७०. गाडी बांधून झाल्यावर सहा महिन्यांनी ओतलेला भाग तिच्यात कारखान्यातून येणे शक्य नाही. कधीतरी मूळ हेड तडकले असेल आणि कुणी प्रामाणिक मेकॅनिकने त्याच जातीचे दुसरे बसवले असेल.

येथे आमचा मतभेद झाला. ऑगस्ट १९६९चे हेड शोधून बसवावे असे त्यांचे म्हणणे होते आणि तसे हेड विकणारे लोक आहेतही, मात्र तारखेमुळे किंमत भरमसाट असते. माझे मत असे की दुसऱ्या गाडीचे हेड आणून तारीख जुळवली, तरी ते या गाडीचे मूळ हेड होत नाही. उलट आज जे हेड आहे, त्याने या गाडीत पन्नास वर्षे चाकरी केली असण्याचा संभव जास्त. ते चार दिवस विचार करत राहिले आणि शेवटी त्यांनी ते हेड दाबचाचणीसाठी पाठवले. ते चांगले निघाले आणि राहिले.

ब्लॉक गेल्या आठवड्यात मशीन शॉपला गेला. पॅड आणि हेड बसते तो पृष्ठभाग एकाच पातळीत असल्याने, वरचा पृष्ठभाग कापायला घेतला की कटर पॅडवरूनही फिरतो आणि अस्सल ठसा पाच मिनिटांत नाहीसा होतो. अशा रीतीने किती मूळ इंजिने कायमची ‘बेनामी’ झाली असतील, देव जाणे. म्हणून त्यांनी पॅडवर जाड चिकटपट्टी लावली, तिच्यावर ठळक मार्करने ‘कापू नये’ असे लिहिले, दुकानदाराकडून कागदावर सही घेतली आणि एवढे करूनही काम चालू असताना दिवसभर तेथेच खुर्ची टाकून बसले.