जाणाऱ्याची नोंद

वर्षभरात परदेशातून किती माणसं ब्रिटनमध्ये राहायला आली आणि किती निघून गेली, हे मार्च २०२० पर्यंत मुख्यतः विचारून ठरवलं जाई. म्हणजे खरोखरच, विमानतळावर आणि बंदरावर माणसाला थांबवून. इंटरनॅशनल पॅसेंजर सर्व्हे नावाची ही पाहणी १९६१ पासून चालू होती. मी तिची मुलाखतकार म्हणून काही वर्षं हीथ्रोवर काम केलं.

आमची पद्धत अशी की, जमिनीवर मनानेच एक रेषा आखायची. एक सहकारी हातातल्या काउंटरचं बटण दाबत ती ओलांडणारा प्रत्येक माणूस मोजायचा. ठरलेल्या क्रमांकाचा प्रवासी आला की आमच्यापैकी कुणीतरी पुढे होऊन त्याला थांबवायचं. चेहरा बरा वाटला म्हणून कुणाला निवडायचं नाही आणि घाईत दिसतो म्हणून कुणाला सोडायचंही नाही. उत्तर देणं ऐच्छिक असलं तरी बहुतेक लोक देत. वर्षाला लाखो प्रवाशांशी बोलणं होई, पण त्यांत खरे स्थलांतरित जेमतेम काही हजार सापडत. त्यांच्या उत्तरांना वजन लावून सगळ्या देशाचा अंदाज काढला जाई. त्यामुळे एका माणसाचं उत्तर कागदावर अनेकांचं होऊन बसे.

२०१६ चा सप्टेंबर संपत आला होता आणि माझी पाळी निर्गमन विभागात होती. मास्टर्सचे प्रबंध देऊन झालेली मुलं घरी निघण्याचा तो हंगाम. माझ्या क्रमांकावर आलेला मुलगा फोनवर बोलत होता. ‘अगं आई, वजन बरोबर भरलं, आता काळजी करू नकोस.’ बाहेर थंडी नव्हती, तरी बॅगेत न मावलेला जाड कोट त्याने हातावर घेतला होता. काखेत कागदपत्रांची फुगलेली फाइल होती. नियमाप्रमाणे मी इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीत बोलले तर चालेल का, असं विचारलं. तो एकदम मोकळा झाला. (पाहणीत नाव विचारत नसत. त्याची ओळख पटेल असं मीही इथे काही लिहीत नाही.)

पहिले प्रश्न सोपे होते. कधी आलात? मागच्या सप्टेंबरात. कशासाठी? शिकायला. मग तो प्रश्न आला, ज्यावर सगळं अवलंबून असे.

‘आता किती काळासाठी देशाबाहेर चाललात?’

‘तेच तर ठरलेलं नाही ना, ताई.’

‘एका वर्षापेक्षा कमी की जास्त?’

‘व्हिसा जानेवारीपर्यंत आहे. एका कंपनीत दुसरी मुलाखत झालीय. त्यांनी वर्क व्हिसाची तयारी दाखवली तर महिन्याभरात परत येईन. नाहीतर मग काय, घरीच.’

‘खोली ठेवलीय?’ हे फॉर्मवर नव्हतं, पण मला राहवलं नाही.

‘सोडली. सायकल विकली. बँकेचं खातं तेवढं चालू ठेवलंय.’

मी थांबले. त्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तो थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘महिनाभर लिहा. चांगलंच बोलावं माणसाने.’

मी महिनाभर लिहिलं.

त्या एका शब्दाने काय झालं, ते सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येप्रमाणे राहता देश सोडून दुसऱ्या देशात किमान बारा महिने राहायला जाणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित. हा मुलगा आला तेव्हा वर्षाच्या अभ्यासक्रमाला आला होता. त्या वेळी आमच्यापैकी कुणी त्याला विचारलं असेल, तर तो आवक म्हणून धरला गेला. जाताना मात्र तो महिन्याभरासाठी बाहेर जाणारा ब्रिटनचा रहिवासी ठरला. नोकरी मिळाली नाही आणि तो कायमचा घरी राहिला, तरी जावक म्हणून त्याची नोंद कधीच होणार नव्हती. आमच्या हिशेबात तो ब्रिटनमध्येच राहत होता.

त्याच पाळीत पदवी पूर्ण करून आईवडिलांसोबत परत निघालेली एक चिनी मुलगी भेटली. तिने क्षणाचाही विचार न करता कायमचं जातेय म्हणून सांगितलं. तिची नोंद नीट झाली. पण असं ठाम उत्तर देणारे थोडे. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा एप्रिल २०१२ मध्येच बंद झाला होता, त्यामुळे इथे राहायचं तर एखाद्या कंपनीने वर्क व्हिसाची तयारी दाखवायला हवी. परतीच्या रांगेतल्या कितीतरी मुलांच्या खिशात ती एक आशा शिल्लक असे. आशा असलेला माणूस ‘कायमचा चाललो’ म्हणत नाही, आणि आम्ही तर माणसाचा बेत मोजत होतो.

घरी जाताना ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, मला त्या मुलाचं वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. कारण हे आकडे नुसते पडून राहत नव्हते. २०१० पासून सरकारने निव्वळ स्थलांतर, म्हणजे आवक वजा जावक, वर्षाला एक लाखाच्या खाली आणण्याचं वचन दिलेलं होतं. शिकायला आलेले आणि परत गेलेले यांच्यातली तफावत बघून वर्षाला सुमारे एक लाख विद्यार्थी मुदत संपूनही इथेच राहतात, असं सर्रास बोललं जाई. प्रामाणिकपणे फी भरून, अभ्यास करून, वेळेत घरी गेलेल्या मुलांवर बसलेला हा ठपका होता.

तो पुसला गेला २४ ऑगस्ट २०१७ ला. एप्रिल २०१५ पासून देशाबाहेर जाणाऱ्यांची नोंद सीमेवरच ठेवली जाऊ लागली होती, आणि त्या दिवशी तिचे निष्कर्ष जाहीर झाले. युरोपाबाहेरच्या ज्या विद्यार्थ्यांचा व्हिसा संपला आणि ज्यांनी तो वाढवून घेतला नव्हता, त्यांच्यापैकी ९७.४ टक्के मुदतीत निघून गेलेले होते. विद्यार्थ्यांचे पुढचे बेत जाताना पक्के नसतात, हे ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानेही मांडलं. २०१९ मध्ये आमच्या पाहणीवर आधारलेली स्थलांतराची सगळी आकडेवारीच प्रायोगिक, म्हणजे अजून पुरेशी भरवशाची नसलेली, ठरवली गेली.

तेव्हा अनेक विद्यापीठांनी आणि खासदारांनी विद्यार्थ्यांना आकडेवारीतून वगळा म्हणून आग्रह धरला. त्यामागची कळकळ मला समजते, तरीही मी त्या बाजूची नाही. विद्यार्थी इथे वर्षभर घर भाड्याने घेऊन राहतो, आजारी पडला तर दवाखान्यात जातो, रोज बसमध्ये बसतो. गावाच्या नियोजनात तो धरायलाच हवा. शिवाय वगळायचं तर कुठपर्यंत? तो मुलगा त्या कंपनीत लागला असता, तर जानेवारीत कोणतीही सीमा न ओलांडता विद्यार्थ्याचा कामगार झाला असता. येताना मोजला नाही, तर तो मोजायचा कधी? स्थलांतराबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या मायग्रेशन अॅडव्हायजरी कमिटीने सप्टेंबर २०१८ च्या अहवालात म्हटलं की अडचण असलीच तर ती त्या एक लाखाच्या उद्दिष्टात आहे, विद्यार्थ्यांना त्यात धरण्यात नाही. मला ते पूर्ण पटतं. मोजा, पण जो येताना मोजलात तो जातानाही मोजा, आणि मुलांना उद्दिष्टाच्या खात्यावर टाकू नका.

कोविडमध्ये पाहणी थांबली. स्थलांतराचे आकडे आता व्हिसा आणि सीमेवरच्या नोंदींवरून काढले जातात, आणि ते जास्त खरे आहेत. पण वाचणारे अजूनही एक गोष्ट विसरतात. विद्यार्थी येतो आज आणि जातो दोन-तीन वर्षांनी. येणाऱ्यांची संख्या वाढत असेल, तर शेवटी सगळेच परत जाणार असले तरी निव्वळ आकडा तेवढ्या काळापुरता फुगतो. जुलै २०२१ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला आणि मुलं मोठ्या संख्येने आली. त्यांच्यासह इतरही कारणांनी २०२३ च्या सुमारास निव्वळ आकडा ९ लाखांच्या वर गेला. मग जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं आणायची बंदी झाली, आधी आलेले परत जाऊ लागले आणि आकडा निम्म्याहूनही खाली आला. त्यातला मोठा भाग नुसता वेळेचा फरक होता.

आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, तोच ग्रॅज्युएट व्हिसा अठरा महिन्यांचा मिळणार आहे. म्हणजे जी मुलं परत जाणारच होती, ती सहा महिने आधी जातील आणि त्या काळात जावक वाढलेली दिसेल. तेव्हा स्थलांतर घटलं म्हणून कुणी पाठ थोपटून घेऊ लागला, तर त्याला विद्यार्थ्यांची आवक आणि जावक वेगवेगळी दाखवायला सांगा.