जंत गेले तरी रक्तात खूण राहते

काल ताईचा फोन, भाच्याचा सीबीसी रिपोर्ट आलाय, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १४ टक्के लिहिलंय, शेजारच्या काकू म्हणतात जंत असतील, पण स्टूल टेस्ट तर नॉर्मल आली, मग काय समजायचं? तिच्याशी बोलताना मला एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आठवले.

तेव्हा आमच्याकडे विस्टार जातीचे पांढरे उंदीर होते आणि जंत होता निपोस्ट्रॉन्जिलस ब्राझिलिएन्सिस. नाव ऐकून दचकायचं कारण नाही, हा उंदरांचाच जंत, जगभरच्या लॅबमध्ये वापरतात कारण त्याचं वेळापत्रक एकदम पक्कं. अळ्या कातडीखाली टोचल्या की एक-दोन दिवसांत रक्तातून फुप्फुसात पोचतात, तिथून श्वासनलिकेने वर येऊन गिळल्या जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लहान आतड्यात, सहाव्या दिवसापासून लेंड्यांमध्ये अंडी, आणि दोन आठवड्यांच्या आत बहुतेक जंत उंदीर स्वतःच बाहेर टाकतो. औषध वगैरे काही न देता!

माझं काम होतं रक्त. शेपटीतून एक-दोन थेंब, जास्त घ्यायचंच नाही, पाव किलोच्या उंदरात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम पंधरा-सोळा मिली. थेंब स्लाइडवर ठेवायचा, दुसऱ्या स्लाइडची कड तिरकी टेकवून एका दमात पुढे ओढायचा, टोकाला जिभेसारखा पातळ झाला तरच स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर, चांगला. मग पेशी रंगवणारा लिशमन स्टेन, बफर, धुवायचं, वाळवायचं, तेलाचा थेंब टाकून १००च्या लेन्सखाली पेशी मोजत बसायचं. उंदराच्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट जास्त, आपल्यासारखे न्यूट्रोफिल जास्त नसतात, त्यामुळे सुरुवातीचे आकडे बघून मी घाबरले होते, वाटलं स्लाइडच चुकली. इओसिनोफिल मात्र ओळखायला सोपा, आत केशरी-लाल दाणे ठासून भरलेले आणि केंद्रक गोल कड्यासारखं, मधे भोक. आधी शंभरात एखाद-दुसरा दिसायचा. आठवडा उलटला तशी नजर जाईल तिथे केशरी दाणे, आणि नंतर तर जंत जवळजवळ संपत आलेले, लेंड्यांमधली अंडी घटलेली, तरी रक्तात इओसिनोफिल चढेच!

याचं कारण म्हणजे रक्त हा या पेशींचा फक्त रस्ता आहे. त्या अस्थिमज्जेत तयार होतात, रक्तात काही तासच असतात, मग आतड्यात, फुप्फुसात शिरतात. मज्जेला "अजून बनवा" असा निरोप देणारं प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-५ (आयएल-५), तो निरोप चालू असेपर्यंत जंत संपत आले तरी नवे इओसिनोफिल येतच राहतात. सगळ्यात मोठा धक्का मला एका जुन्या प्रयोगाने दिला, त्यात याच जंताची लागण झालेल्या उंदरांत अँटीबॉडी देऊन हे आयएल-५ अडवलं, इओसिनोफिल वाढलेच नाहीत, तरी जंत नेहमीसारखे बाहेर पडले. म्हणजे मी ज्यांना जंत हुसकावणारे शिपाई समजत होते, ते काम त्यांच्यावाचूनही होत होतं! ते काम बरंचसं आतड्याचं, आयएल-१३ या तसल्याच दुसऱ्या निरोप्या प्रथिनाच्या सांगण्यावरून चिकट स्रावाचा पूर येतो, आतडं जोरात ढवळतं, जंताला धरून राहायला जमत नाही. मला हे अजूनही फार भारी वाटतं.

अंकुशकृमीची गोष्ट वेगळी, तो रक्तच पितो. प्रयोगशाळेत हॅमस्टरला अँसायलोस्टोमा सेलॅनिकम हा अंकुशकृमी देतात तेव्हा हिमोग्लोबिन उतरतं, लोह कमी पडून तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. तिथे पांढऱ्या पेशींइतकंच लाल पेशींकडेही बघावं लागतं.

म्हणून ताईला म्हटलं, एका नॉर्मल स्टूल रिपोर्टवरून जंत नाहीत असं धरू नकोस. अळ्या अजून फुप्फुसात फिरत असतील तर अंडी येणारच कुठून, किंवा जंत नुकतेच गेले असतील. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने दे. आणि त्याला धुळीने शिंका येतात ना, तेही डॉक्टरांना नक्की सांग, कारण ॲलर्जीनेही हाच आकडा वाढतो. ती म्हणाली, "अगं हो, गादी झटकली की सुरूच होतो तो."