विरिकुताच्या वाटेवर

मेक्सिकोतल्या विशारिका या आदिवासी समाजाचे यात्रेकरू विरिकुता या पवित्र वाळवंटाकडे निघतात, तेव्हा घर सोडताना मीठ सोडतात, अंघोळ सोडतात, ब्रह्मचर्य पाळतात. त्यांच्या रांगेत शेवटी चालायची परवानगी मिळाली तेव्हा मीही नेम घेतला. माळकरी माणसाला नेमाचं नवल नाही, पण मिठाविना चिडचिड फार होते. शिवाय ट्रक! पश्चिमेच्या डोंगरांतून सान लुइस पोतोसीच्या वाळवंटापर्यंतची ही वाट ५०० किलोमीटरहून लांब. पूर्वी सगळी पायी होई. आता मध्ये कुंपणं, महामार्ग, खासगी शेतं, म्हणून बराच पल्ला ट्रकने. पालखी टेंपोत घातल्यासारखं मला सारखं वाटत होतं.

रात्री ततेवारीपुढे, अग्नी-आजोबांपुढे, प्रत्येकाने आपली चुकलेली प्रेमं मोठ्याने सांगितली. मराकामे, म्हणजे त्यांचे पुजारी-वैद्य, दोरीला एकेक गाठ मारत गेले, मग दोरी आगीत गेली. मी लांब बसलो. ते ऐकायचा हक्क माझा नव्हता. ततेई मातिनिएरी या पवित्र झऱ्यांपाशी पहिल्यांदा आलेल्यांचे डोळे बांधले, डोक्यावर पाणी शिंपडलं, निघालो.

ती दुपार मात्र संपता संपेना. गोबेरनादोरा या वाळवंटी वनस्पतीची खुरटी झुडपं, सावली घोट्याइतकी. दोन्ही टाचांना फोड आलेले, त्यातला एक फुटून मोजा चिकटला होता. रांगेतली जागा ठरलेली, ती मोडायची नाही, म्हणून पुढच्याच्या पाठीकडे बघत मनात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ चालू ठेवलं. मध्येच ते थांबलं आणि नुसता राग उरला: उन्हावर, मराकामेंच्या चालीवर, गप्प चालणाऱ्या सगळ्यांवर. विसाव्याला पुढची आजी मागे आली. माझं नावही तिला ठाऊक नव्हतं. तिने बूट ओढून काढले, मोजा पाण्याने भिजवून हळूच सोडवला, आपल्या ओढणीची कड फाडून टाच बांधली. मग गाठोड्यातून टायरच्या तळाच्या जादा वहाणा काढून माझ्यापुढे टाकल्या. “पायाला वारा लागू दे, बाळा,” एवढंच स्पॅनिशमध्ये म्हणाली आणि जागेवर गेली. तिच्याकडचं पाणी किती कमी होतं ते मी पाहिलं होतं. मी रडलो. पंढरीच्या वाटेवरही इतका रडलो नव्हतो.

पहिला हिकुरी, म्हणजे पेयोटे निवडुंग, दिसला तसा सगळ्यांचा श्वास अडकला. त्यांच्या लेखी तो हरीणच, मराकामेंनी त्याला बाण मारले, भोवती नैवेद्य मांडला. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस, लोफोफोरा विल्यम्सी हे त्याचं शास्त्रीय नाव पुस्तकांतून पाठ आहे: काटे नाहीत, शिरांवर लोकरीचे झुबके, चुनखडीच्या मातीत झुडपाच्या आडोशाने वाढणारा. पण गुडघ्यावर बसून पाहिला तेव्हा निळसर हिरवा गोळा जेमतेम जमिनीवर होता, बाकी सगळं सोटमूळ मातीत. बी रुजल्यापासून फुलायला १० वर्षंही लागतात. म्हणून फक्त वरचा माथा कापायचा, मूळ ठेवायचं, माती सारायची. मग त्याच मुळाला नवे माथे फुटतात. पाच शिरांचा सापडला की आजी कपाळाला लावायची. यातलं मेस्कॅलिन, भास घडवणारं द्रव्य, रसायनशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७मध्ये वेगळं काढलं. रात्री यात्रेकरूंनी हिकुरी खाल्ला, गायले. मी खाल्ला नाही. तो प्रसाद त्यांचा, आणि मेक्सिकोचा कायदाही तेच सांगतो.

सूर्य जन्मला तो डोंगर, सेरो केमादो, पहाटे चढलो. मेणबत्त्या लावल्या.

उतरल्यावर वाटेत खड्डे दिसले. कुणी हौशी प्रवाशांनी फावड्याने मुळासकट हिकुरी उपटले होते. आजी भडकली. एक तुटका तुकडा तिने पुन्हा मातीत दाबला आणि बोलत सुटली: चांदीच्या खाणींच्या परवान्यांवर, टोमॅटोच्या शेतांसाठी नांगरलेल्या रानावर, उपशाने खाली गेलेल्या पाण्यावर. युनेस्कोने २०२५मध्ये ही वाट जागतिक वारसा यादीत घेतली, हे मी सांगितलं. “मग नांगर थांबवा म्हणावं त्यांना,” ती म्हणाली, आणि ट्रक सुटेपर्यंत बोलतच राहिली.