चार बोटं पाणी

2024 सालची जन्माष्टमीची सुट्टी आमच्या बालवाडीला चांगली आठवडाभर पुरली. कारण बडोद्याची विश्वामित्री नदी. तिची धोक्याची पातळी 25 फूट, आणि त्या खेपेला ती 37 फुटांपर्यंत चढली. नदीपासून आम्ही फार लांब नाही. जुन्या घराचा तळमजला, पूर्वीचा ओटा बंद करून वाढवलेली एकच मोठी खोली. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर घोटाभर चिखल आणि चारी भिंतींवर एक तपकिरी रेघ. बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांचा फोटो त्या रेघेच्या हातभर वर होता, म्हणून वाचला. मुलं हाताळून शिकतात त्या माँटेसरी साहित्यातले गुलाबी मनोऱ्याचे लाकडी ठोकळे फुगले होते, लांब दांड्या वाकल्या होत्या.

मंगळवारी, 3 सप्टेंबरला, शाळा भरली ती रिकाम्या खोलीत. साहित्य सगळं गच्चीवर वाळत. मुलांच्या हाती द्यायला सुतळीचा एक गुंडा आणि खडू. पहिला तासभर मगरीत गेला. बडोद्याला पूर आला की नदीतल्या मगरी रस्त्यावर येतात, आणि प्रत्येकाच्या काकाने एक तरी पाहिलेली असते.

ओमला (नाव बदललंय) मगरीत रस नव्हता. तो रेघेला पाठ लावून उभा होता. रेघ त्याच्या डोक्याच्या वर वीतभर.

"ताई, पाणी माझ्यापेक्षा उंच होतं?"

ओमबद्दल सांगायला हवं. वय साडेपाच. गुजरातेत 2023-24 पासून पहिलीत जायला 1 जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे मुलाचं एक वर्ष फुकट गेलं असं त्याच्या आईचं मत. त्याची भरपाई म्हणून घरी रोज संध्याकाळी ठिपके जोडून अक्षरं गिरवायची. परिणाम असा, की शाळेत पेन्सिल दिसली रे दिसली की हा मोरीत. हात धुवायला. दहा-दहा मिनिटं.

तर त्या दिवशी त्याने सुतळी मागितली. दारापाशी फरशीपासून रेघेपर्यंत धरली, माझ्याकडून कापून घेतली आणि खोलीभर ती लावत फिरला. मोरीपाशी सुतळी कमी पडली. चार बोटं. पुन्हा लावली, पुन्हा चार बोटं.

"इथे पाणी उंच होतं. दारात बुटकं."

आणि इथे मी माती खाल्ली. बावीस वर्षं हे काम करते आहे, मुलाच्या मागे चाला म्हणून पालकांना सांगते, आणि असा प्रश्न समोर आला की आतली मास्तरीण उठून उभी राहते. मी ग्लासात पाणी घेतलं, ग्लास तिरका केला. बघ, पाणी कसं आडवंच राहतं? म्हणजे पाणी सगळीकडे सारखं होतं, आपली फरशीच मोरीकडे उतरती आहे, कळलं? मनातल्या मनात तर पुढच्या आठवड्याचा 'पाणी' प्रकल्पही आखून झाला होता.

"हो ताई," ओम म्हणाला. सुतळी माझ्या हातात दिली आणि मगरवाल्यांत जाऊन बसला.

त्या 'हो ताई'चा अर्थ आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

शुक्रवारी हरतालिका. मला उपास, मदतनीस मावशींना उपास, मुलं दुप्पट उत्साहात. दहाच्या सुमाराला ओमला सोडायला आईऐवजी आजोबा आले. भरघोस पांढऱ्या मिश्या, आयुष्य बांधकामाच्या साइटवर मुकादमी करण्यात गेलेलं. काखेत पारदर्शक नळीचं वेटोळं.

"ताई, चार दिवस जिन्यात सुतळी घेऊन फिरतोय हा. आमच्या सोसायटीत खालच्या सात पायऱ्या बुडाल्या होत्या. मला विचारतो, पाणी वाकडं असतं का. म्हटलं, बघ की. म्हणून पाणसळ आणली."

म्हणजे माझं उत्तर त्याने घेतलंच नव्हतं. ऐकून ठेवून दिलं होतं.

पाणसळ म्हणजे गवंड्यांची जुनी युक्ती. लांब नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं उघडी ठेवायची. टोकं कितीही लांब असोत, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. आजोबा मुलांच्या चिमुकल्या खुर्चीवर बसले, नळी खाली ठेवली आणि गप्प. मावशींनी हळदीकुंकवाच्या ताटातली चिमूटभर हळद पाण्यात टाकली, म्हणजे नळीत दिसेल.

दारापाशी ओमने एक टोक धरलं, पाणी रेघेला आणलं. मोरीपाशी दुसरं टोक एका मुलीच्या हातात. तिकडे पाणी रेघेच्या बरंच खाली. असं का, ते मला ठाऊक होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी पदर तोंडाला लावून मागे भिंतीला टेकले.

पाच-सात मिनिटं गोंधळ. नळी उंच, नळी खाली, एकाच्या अंगावर पिवळं पाणी, एक रडारड. मग ती मोरीकडची मुलगी ओरडली, "यात फुगा अडकलाय!" नळीच्या मधोमध हवेचा लांबलचक बुडबुडा. सहा जणांनी मिळून नळी हलवून हलवून तो बाहेर काढला. पुन्हा टोकं धरली. पाणी डुगडुगलं, थांबलं. इकडे रेघेवर, तिकडेही रेघेवर.

ओम बराच वेळ गप्प. मग खिशातून गोटी काढली आणि दारापाशी फरशीवर ठेवली. ती आधी हळू, मग जोरात, सरळ मोरीच्या जाळीत.

"पाणी वाकडं नव्हतं. आपली शाळा वाकडी आहे!"

अगदी हेच मी त्याला मंगळवारी सांगितलं होतं.

आजोबांना मी म्हटलं, तुम्ही छान शिकवलंत. ते दचकलेच. "मी कुठे? तो विचारतो तेवढं सांगतो. नाही विचारलं तर चहा पितो." मावशी गिजुभाईंच्या फोटोकडे बोट दाखवून हसायला लागल्या. वकिली सोडून भावनगरात 1920 साली बालमंदिर काढणाऱ्या त्या माणसाला लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. बालशिक्षणातल्या आमच्या ताराबाई मोडकही त्यांच्याबरोबर काम करायला तिकडे गेल्या होत्या. आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, एव्हाना शहाणी झाले होते.

ओमने खडू घेतला आणि मोरीपाशी, सुतळी संपली त्या जागी, चार बोटं काढली. खाली 4 चा आकडा, उलटा. मी तो सुलटा केला नाही, हे त्या दिवसातलं माझं एकमेव बरं काम.

दुपारी आई न्यायला आली. "ताई, आज लिहिलं का काही?" मी भिंत दाखवली. ती उलट्या आकड्याकडे बघत राहिली. "हे तर..." म्हणाली आणि थांबली, कारण ओम तिचा हात ओढत होता. शेजारच्या काकींच्या घरात रेघ किती उंच आहे ते त्याला बघायचं होतं, आणि नळी आजोबा घरी घेऊन गेले होते.

"आई, तुझी ओढणी दे ना. बांधून मोजतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोरीतली गोटी काढायला वळले.