आमची वाटचाल : माशांसाठी गोगलगायी

कोल्हापुरात आमचं मत्स्यालयाचं छोटं दुकान आहे. मासे, टँक, फिल्टर, खाद्य असा नेहमीचा माल. पी पफर ठेवायला लागलो आणि धंद्याला वेगळंच वळण लागलं. केरळातल्या पंबा नदीच्या बाजूचा हा मासा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा. १९४१ साली होरा आणि नायर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दिसायला इतका गोंडस की गिऱ्हाईक बघताक्षणी मागतं. पण डब्यातल्या गोळ्यांना तो सहसा तोंड लावत नाही. पोट खपाटीला गेलेला पफर घेऊन लोक परत यायचे. "वहिनी, हा काही खातच नाही ओ!" खाण्याची सोय केल्याशिवाय हा मासा विकणं आम्हा दोघांनाही पटेना. म्हणून त्याच्या आवडीच्या गोगलगायी आम्हीच वाढवायला घेतल्या.

पफरला गोगलगाय खाताना एकदा बघाच. तो लगेच झडप घालत नाही. समोर तरंगत राहतो, दोन डोळे दोन दिशांना फिरवतो, शंखातून मऊ अंग बाहेर येईपर्यंत वाट बघतो आणि मग नेमका लचका तोडतो. रिकामे शंख तेवढे तळाशी उरतात. मलूल मासा गोगलगाय दिसताच रंगात येतो, हे आम्ही रोज बघतो.

तळ्यातून, शेतातल्या चरातून धरून आणलेल्या गोगलगायी स्वस्त पडतात. त्या आम्ही पहिल्यापासून नाकारल्या. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या पोटात अनेक चपटे कृमी वाढतात आणि तिथून मासे, पक्षी, गुरं यांच्यात शिरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार आढळला, त्याची नोंद १९५२ साली प्रसिद्ध झाली. तोही अशाच कृमींचा, आणि त्यासाठी बोट दाखवलं गेलं ते एका इवल्याशा गोगलगायीकडे. म्हणून आमचं बियाणं आम्ही अंड्यांपासून धरलं. पाणवनस्पतींबरोबर टँकमध्ये फुकटात येणाऱ्या रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर गोगलगायी लोक वैतागून फेकून देतात. त्यांनी घातलेली अंडी तेवढी पानासकट वेगळी काढली आणि स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवली. आज आमच्याकडे आहेत त्या सगळ्या त्यांच्याच पुढच्या पिढ्या. टबात ना पक्ष्याची विष्ठा पडते, ना गुराची, त्यामुळे कृमींची साखळी तिथेच तुटते.

अंडी म्हणजे पानाखाली चिकटलेला जेलीचा पारदर्शक ठिपका. भिंग लावलं तर काही दिवसांनी आतले जीव गोल गोल फिरताना दिसतात. साधारण आठ-दहा दिवसांत टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं बाहेर पडतात. रॅम्सहॉर्नमध्ये नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक जण अंडी घालतो, त्यामुळे संख्या वाढायला वेळ लागत नाही.

शेजारच्या काकी मात्र धास्तावल्या होत्या. "अगं, गोगलगायी कसल्या पाळतीस? रानात शिरल्या तर सोयाबीन ठेवतील का?" त्यांचंही खरंच होतं. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचं केवढं नुकसान केलं, ते सगळ्यांनी वाचलं होतं. ती जमिनीवरची जात वेगळी आणि आमची पाण्यातली वेगळी, हे त्यांना टब दाखवून समजावलं. तरीही टबाचं पाणी आम्ही गटारात किंवा ओढ्यात सोडत नाही, कुंड्यांना घालतो. गिऱ्हाईकांनाही तेच सांगतो.

खाणं साधंच. उकडलेला पालक, दुधी, काकडीच्या चकत्या. भाजी निवडून, फवारणी जाईपर्यंत धुऊन घेण्याचं काम सासूबाईंचं, आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत. पाणी मऊ असलं की शंख पांढुरका पडतो, त्याला खड्डे पडतात. म्हणून प्रत्येक टबात समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या हाडाचा, तुकडा असतो. तांब्याला मात्र सक्त मनाई. माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि त्याच्या थेंबांनी टबातल्या सगळ्या गोगलगायी मरतात. औषध दिलेल्या टँकमधली जाळीसुद्धा आमच्या टबाजवळ येत नाही.

विक्री शेकड्यावर, मापानुसार. चाळण्यांनी लहान, मध्यम, मोठ्या वेगळ्या करतो. पफरला लहान, गोगलगायी खाणाऱ्या लोच माशाला मध्यम-मोठ्या. बाहेरगावी पाठवताना पाण्याची पिशवी भरत नाही. या दोन्ही जाती हवेतला श्वास घेतात, त्यामुळे ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्याला भोकं पाडून पाठवलं की पुण्यापर्यंत एसटीच्या पार्सलनं सुखरूप पोहोचतात.

ट्रम्पेट गोगलगाय मागणारेही येतात. पी पफरसाठी ती आम्ही देत नाही. शंख फार टणक, वर झाकण, इवल्या तोंडाला तो त्रास कशाला? लोचवाल्यांची मागणी आता पफरवाल्यांहून जास्त आहे. झेब्रा लोच तर आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यातला आणि आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतला. तो घेणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, एकटा ठेवणार की पाच-सहा मिळून? एकटा ठेवणार असेल तर दुसरा मासा सुचवतो.

थंडीत गोगलगायींची वाढ मंदावते. डिसेंबर-जानेवारीत मोठं माप हवं असेल तर आठ दिवस आधी सांगून ठेवा.