तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार आयपॅडला लावायची कशी?

प्रश्न दोन टप्प्यांत येतो. आधी, "इलेक्ट्रिक गिटार आहे, आयपॅड आहे, मधे काय घेऊ?" आणि महिन्याभराने, "लावली, पण आवाज दबका येतो, एखादं चांगलं ॲप सांगा ना." पहिल्याचं उत्तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा सिग्नल आयपॅडला कळेल असा करून देणारी छोटी डबी. दुसऱ्याचं उत्तर: ॲप बदलून काही होणार नाही. असा आवाज बहुतेक वेळा ॲपपर्यंत पोचायच्या आधीच मेलेला असतो.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये, साधारण सात-आठ हजार. त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो, समोरच्या इनपुटने जास्त ओढ घेतली की तो ढेपाळतो. कीबोर्ड किंवा मिक्सरसाठी जे लाइन इनपुट असतं, त्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध; तो जितका कमी, तितकी ओढ जास्त) १० किलोओहमच्या आसपास. त्यात गिटार खुपसली की आधी वरचा खणखणीतपणा जातो आणि तारा घोंगडीखाली वाजल्यासारख्या वाटतात. गिटारला हवा सुमारे १ मेगाओहम, म्हणजे शंभरपट. म्हणून इंटरफेसवर 'इन्स्ट' लिहिलेलं किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण शोधा आणि ते चालू करा. दबक्या आवाजाच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न या बटणाचाच विचारतो.

इंटरफेस घेताना 'क्लास कम्प्लायंट' आहे का ते बघा, म्हणजे ड्रायव्हर न टाकता चालणारा. आयपॅडवर ड्रायव्हर टाकायची सोय धरून चालू नका. हेडफोनच्या भोकात जाणारे स्वस्त ॲडॅप्टर मिळतात, पण त्यात जाणारा आणि येणारा आवाज एकाच पिनेतून जातो. डिस्टॉर्शन वाढवलं की एकातला दुसऱ्यात झिरपतो आणि शिट्टी सुरू होते. शिवाय नव्या आयपॅडना ते भोकच नाही.

केबल ६.३५ मिमी मोनो जॅकची, तीन मीटरची पुरे. यूएसबी-सी आयपॅडला इंटरफेस थेट लागतो, फक्त केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीने काही दिसणार नाही. लाइटनिंगच्या आयपॅडला कॅमेरा ॲडॅप्टर लागतो, आणि तोही दोन भोकांचा: एकात यूएसबी, दुसऱ्यात चार्जर. एका भोकाचा घेतलात तर पडद्यावर 'ॲक्सेसरीला जास्त वीज लागते' अशा अर्थाची सूचना येते आणि इंटरफेसचा दिवा लागून विझतो. यूएसबी-सीवरही तासन्‌तास बसायचं असेल तर स्वतःची वीज असलेला हब मधे घ्या. माइक नसेल तेव्हा ४८ व्होल्टचं बटण बंद ठेवा, उगाच वीज खातं.

जोडण्याआधी सगळे व्हॉल्यूम शून्यावर. इंटरफेस जोडला की आयपॅडचा स्वतःचा स्पीकर गप्प होतो, कारण आवाज आता इंटरफेसमधून बाहेर पडतो. हेडफोन तिथेच लावा, तोही तारेचा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये तार छेडल्यावर आवाज इतका मागून येतो की ताल धरताच येत नाही. ज्या ॲपमध्ये बफर (ॲप एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतं तो आकडा) बदलता येतो तिथे १२८ ठेवा: ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्याचे २.९ मिलिसेकंद होतात. जाता-येता आणि बाकीची भर धरून दहाएक झाले तरी बिघडत नाही. अँपपासून (अँप्लिफायरपासून) तीन मीटरवर उभं राहिलात तर हवेतून आवाज यायलाच जवळपास नऊ लागतात.

गॅरेजबँडमध्ये, म्हणजे ॲपलच्या रेकॉर्डिंग ॲपमध्ये, अँप उघडा, वरच्या प्लगच्या चिन्हावर बोट ठेवा, चॅनल निवडा. काही इंटरफेसवर माइक १ आणि गिटार २ असते, काहींवर उलट. चुकीचा चॅनल निवडला की दिवे नाचतात, पण कानात शांतता. मॉनिटर (ॲपमधून आलेला आवाज ऐकवणारं बटण) चालू करा आणि इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' (ॲपमध्ये न जाता थेट गिटार ऐकवणारं) बंद. दोन्ही चालू राहिले तर अँपच्या आवाजाखाली कोरी गिटार टणटणत राहते.

गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं इंटरफेसवरचं बटण) लावताना हळू वाजवून फसू नका. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, ब्रिजकडचा पिकअप, आणि गाण्यात जितका जोरात मारणार तितकाच स्ट्रोक. शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास आली की हात काढा. लाल दिवा लागलेली तान नंतर कशानेही सुधारत नाही.

आणि रेकॉर्डिंग आठ बारनंतर (बार म्हणजे इथे चार ठोके) फिरून पहिल्यावर येतं, ही तक्रार बिघाडाची नाही. गॅरेजबँड सुरुवातीला सेक्शन, म्हणजे गाण्याचा तुकडा, आठ बारचाच देतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ते १६ सेकंद. उजवीकडच्या अधिक चिन्हातून सेक्शनची लांबी 'ऑटोमॅटिक' करा.

गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. गेली, तर दोष दोन पिनांच्या चार्जरचा. हब किंवा चार्जर अर्थिंगवाला घ्या. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर अर्थिंगचाच प्रश्न समजा. चार्जर काढूनही राहिली, तर गिटार हातात धरून खुर्चीवर गोल फिरा. एखाद्या दिशेला ती जवळजवळ नाहीशी झाली, तर सिंगल कॉइल आसपासचं ५० हर्ट्झ ओढतोय. आपल्या घरात हमखास गुन्हेगार म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, त्यातही मंद गतीवर. पंखा पूर्ण वेगात करा किंवा तेवढा टेक होईपर्यंत घाम गाळा.

खऱ्या अँपच्या स्पीकर आउटमधून इंटरफेसमध्ये केबल कधीही घालू नका. इंटरफेस जळेल, आणि व्हॉल्व्हचा अँप स्पीकरविना चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मरही जाईल. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप असतील तर वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर झिजते.

पेडल इंटरफेसच्या आधी लावलंत तर त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा बसतो. गॅरेजबँडच्या अँपचं तसं नाही: आत कोरी गिटारच साठते, अँप नंतर बदलता येतो. म्हणून ओव्हरड्राइव्ह पेडल पहिल्या दिवशी बाजूलाच ठेवा.